सीओटू साठल्यामुळे हात झटकतात का? ऑक्सिमीटर तर ९६ दाखवतोय

पाऊलवाट:
नमस्कार. बाबांबद्दल विचारायचं आहे. वय ७१, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुना आजार. सिगारेट सोडून बराच काळ झाला, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे.

हल्ली त्यांचे हात मधूनच झटकतात. थरथर म्हणतात तसं नाही. पेपर धरून वाचत असतात आणि अचानक पेपर हातातून सुटल्यासारखा खाली येतो, पुढच्या क्षणी परत वर. त्यांना स्वतःला ते कळतं, चिडतातही. मोबाइल दोनदा हातातून पडला. दुपारी बोलता बोलता डुलकी लागते. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, मग थोडी हालचाल झाली की उतरतं. रात्री मात्र टक्क जागे. झोपेसाठी एक गोळी चालू केली आहे, तिचा उपयोग शून्य.

ऑक्सिमीटरवर आकडा ९५-९६ असतो, त्यामुळे घरात सगळे म्हणतात की फुफ्फुसाचा संबंध नाही, वयाचं आहे. दादाला पार्किन्सनची शंका आहे. एका ठिकाणी ओझरतं वाचलं की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला तर असं होतं. कुणाला माहिती किंवा अनुभव? छातीच्या डॉक्टरांची पुढची तारीख बरीच लांब आहे.

खडूस:
मॅग्नेशियम तपासा. माझ्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे, ते त्यानेच गेले.

बोरूबहाद्दर:
@खडूस, गोळा येणं वेगळं आणि हातातली वस्तू सुटणं वेगळं. गोळ्यात स्नायू आखडतो. ताई सांगतायत त्यात उलट आहे, पकडच जातेय.
ताई, मला यातलं काही कळत नाही, पण आपल्या इथले फुफ्फुसवाला हे छातीविकारतज्ज्ञ आहेत. त्यांना निरोप टाकलाय.

फुफ्फुसवाला:
बोरूबहाद्दरांनी बोलावलं म्हणून आलो, आणि त्यांनी मोजक्या शब्दांत नेमकं सांगितलंय. पकड जाते.

आधी महत्त्वाचं. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, बाबांना दाखवा आणि एबीजी करायला सांगा. ही मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन करायची तपासणी आहे. त्याआधी जर ते हाक मारून नीट जागे होईनात, असंबद्ध बोलू लागले, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर दिवस-रात्र न बघता थेट इमर्जन्सीत न्या. हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

आता एक गोष्ट घरीच करून बघा. बाबांना बसवा. दोन्ही हात समोर सरळ, मनगटं मागे वाकवलेली, बोटं फाकलेली, म्हणजे गाडी थांबवताना आपण हात दाखवतो तसे. डोळे मिटून अर्धा मिनिट तसंच धरायला सांगा. पंजे मधूनच खाली पडून झटकन वर येत असतील, तेही दोन्हीकडे आपापल्या वेळी, तालात नाही, तर त्याला फ्लॅपिंग ट्रेमर किंवा अ‍ॅस्टरिक्सिस म्हणतात. यात स्नायू उडत नाही. स्नायूला मिळणारा 'धरून ठेव' हा हुकूम सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यापुरता तुटतो. साधारण ५० ते २०० मिलिसेकंद स्नायू गप्प होतो, हात गुरुत्वाने पडतो आणि तुम्ही तो सावरता. हे १९४९ मध्ये अ‍ॅडम्स आणि फोली यांनी लिव्हर बिघडलेल्या रुग्णांत पहिल्यांदा नोंदवलं. पुढे किडनी निकामी झालेल्यांत आणि सीओटू साठलेल्यांतही तेच दिसलं. याच्या जोडीला काही जणांत खरेखुरे उडणारे झटकेही येतात. खांदा उडतो, पाय उडतो. ते मायोक्लोनस. सीओटूमध्ये दोन्ही होऊ शकतं.

पार्किन्सनमध्ये बहुधा हात स्वस्थ मांडीवर असताना थरथरतो, ठरावीक लयीत. काम करायला घेतलं की कमी होतो. बाबांचं तसं वाटत नाही.

दोन प्रश्न. झोपेची गोळी कुठली? आणि झटका येतो तेव्हा ते पूर्ण शुद्धीत असतात ना, बोलणं तुटत नाही ना? तुटत असेल तर फिटचा विचार करावा लागेल.

पाऊलवाट:
डॉक्टर, मनापासून आभार. शुद्धीत असतात, वाक्यही पूर्ण करतात. गोळी अल्प्राझोलमची आहे. हात धरायला लावले. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच झालं. उजवा पंजा पडला, मग डावा, मग बराच वेळ काही नाही, मग परत उजवा. दादा शेजारी उभा होता, त्यानेही पाहिलं. उद्या सकाळी नेतोय.

फुफ्फुसवाला:
उत्तम. गोळीबद्दल उद्या तिथे आधी सांगा. सीओटू साठणाऱ्या माणसाला अल्प्राझोलमसारखी औषधं श्वास आणखी मंद करून गोत्यात आणतात. गंमत अशी की रात्री झोप न येणं आणि दिवसा पेंगणं हे सीओटूचंच लक्षण असतं आणि त्यावर उतारा म्हणून नेमकी चुकीची गोळी दिली जाते. रोज आणि बरेच दिवस घेत असतील तर ती एकदम बंद करण्याचेही त्रास असतात, म्हणून ते घरी ठरवू नका.

बोरूबहाद्दर:
डॉक्टर, माझ्यासारख्या अडाण्याला एक सांगा. ऑक्सिजन ९६ असताना श्वास अपुरा कसा? मी तर कोविडपासून ऑक्सिमीटरला देव मानून बसलोय.

फुफ्फुसवाला:
ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन बघतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल त्याला काडीचीही माहिती नसते.

फुफ्फुसांची कामं दोन. ऑक्सिजन आत घेणं आणि सीओटू बाहेर टाकणं. पहिलं काम नळीतून जादा ऑक्सिजन देऊन सहज भागतं. हवेत २१ टक्के असतो, तुम्ही २८ टक्के दिला की आकडा चढला. दुसऱ्या कामाला मात्र पर्याय नाही. हवा आत-बाहेर खेळायलाच हवी. ती निम्म्याने कमी खेळली की रक्तातला सीओटू जवळपास दुप्पट होतो. म्हणजे ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णात आकडा ९६ आणि सीओटू ८० हे दोन्ही एकाच वेळी खुशाल असू शकतं. धमनीतल्या सीओटूचा नॉर्मल दाब ३५ ते ४५ एमएमएचजी.

हा वायू रक्तातून मेंदूत झटकन शिरतो. तिथलं आम्ल वाढतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतला दाब वाढतो आणि डोकं दुखतं. सकाळीच का? झोपेत श्वासाची ओढ कमी होते. त्यातही स्वप्नांच्या झोपेत छातीचे इतर स्नायू सैल पडतात आणि सगळा भार एकट्या डायफ्रॅमवर, म्हणजे फुफ्फुसांखालच्या श्वासपटलावर येतो. सीओपीडीत तो डायफ्रॅम आधीच सपाट होऊन दमलेला असतो. रात्रभर सीओटू चढत जातो, उठल्यावर हळूहळू उतरतो, डोकंही त्याबरोबर उतरतं. हात गरम, चेहरा लालसर, नाडी उसळती, पेंग आणि पंजे पडणं असा सगळा लवाजमा एकत्र दिसला तर मी रिपोर्ट येण्याआधीच मास्क तयार ठेवायला सांगतो. बायपॅपचा मास्क, म्हणजे हवा दाबाने आत ढकलून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा.

टिंबटिंब:
मलाही झोप लागता लागता जोरात झटका बसतो, जिना चुकल्यासारखा. वय २६, धूम्रपान नाही. तोंडावर पांघरूण घेऊन झोपतो. सीओटू वाढत असेल का? कालपासून झोपच नाही हे वाचून.

खडूस:
टिंबटिंब, तुमचं निदान मी करतो. रात्री दोन वाजता आरोग्यविषयक धागे वाचणे.

फुफ्फुसवाला:
😀 खडूस बरोबर आहेत. झोपेच्या उंबरठ्यावर बसणारा तो एक झटका बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी बसतो. दमणूक, जागरण, कॅफीन, ताण यांनी वाढतो. निरोगी फुफ्फुसाचा माणूस पांघरुणात थोडा सीओटू परत आत घेतो तेव्हा श्वास आपोआप खोल होतो आणि हिशेब जुळतो. सीओटू साठतो तो जिथे हवा आत-बाहेर खेळवणारा छातीचा भाता बिघडलाय तिथे: सीओपीडी, खूप लठ्ठपणा, पाठीचा कणा वाकून छाती आखडणं, स्नायूंचे आजार, किंवा अफूजन्य आणि गुंगीची औषधं. तुमचा भाता ठणठणीत आहे. झोपा.

चांदणी:
मी स्नायूंच्या आजाराच्या बाजूने लिहिते. माझ्या भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याची फुफ्फुसं चांगली, पण ती ओढणारे स्नायू कमकुवत. त्याला झटके असे नव्हते. सकाळचं डोकं दुखणं, भयंकर स्वप्नं आणि अभ्यासात लक्ष न लागणं एवढंच होतं. सगळे म्हणायचे की मुलगा आजाराने खचलाय. दिवसाचा रिपोर्ट ठीक यायचा. शेवटी रात्री झोपेत त्वचेवर सेन्सर लावून सीओटू मोजला तेव्हा पहाटेचा चढ दिसला. रात्रीचं बायपॅप लागल्यावर त्याची चिडचिड गेली, आणि मग आमच्या लक्षात आलं की ती त्याचा स्वभाव नव्हती.

पाऊलवाट ताई, मास्कची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या रात्रीच नको म्हणाले तर नाउमेद होऊ नका. दिवसा टीव्ही बघताना थोडा थोडा लावायचा, मग रात्री.

खडूस:
आता थट्टा पुरे, खरा अनुभव लिहितो. आमच्या मातोश्रींना नागीण झाली होती. दुखणं राहिलं म्हणून गॅबापेंटिन सुरू झालं. किडनी आधीच अर्ध्यावर. काही दिवसांत अगदी हेच: पेंगणं, हातातून वस्तू सुटणं, मधूनच आख्खा हात उडणं. आम्ही समजलो अर्धांगाचा झटका. नेलं, स्कॅन झाला, त्यात काही नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी ओतायला लावली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, बघितलं. डोस उतरवला, झटके गेले. सीओटूचा तिथे काही संबंध निघाला नाही. तेव्हा सीओटूच असेल म्हणून एकाच झाडाखाली बसू नका.

फुफ्फुसवाला:
फार मोलाचा प्रतिसाद. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन किडनीतून बाहेर पडतात, किडनी मंद असली की साठतात. आणि गोष्ट इथे संपत नाही. हीच औषधं श्वासही दाबू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, डिसेंबर २०१९ मध्ये फुफ्फुसाचे रुग्ण, वयस्क मंडळी आणि सोबत गुंगीची औषधं घेणारे यांच्यासाठी तसा इशारा दिला आहे. अफूजन्य वेदनाशामकांचंही तसंच, झटकेही देतात आणि सीओटूही साठवतात. त्यामुळे पेंग आणि झटके दिसले की गोळ्यांची पिशवी ओतायचीच. सोबत किडनी, लिव्हर, सोडियम, साखर, कॅल्शियम आणि हो, खडूसांचं मॅग्नेशियमसुद्धा.

पंजा एकाच बाजूचा पडत असेल तर मात्र मेंदूचा स्कॅन आधी.

पाऊलवाट:
रिपोर्ट आला. पीएच ७.३४, सीओटू ६९, बायकार्बोनेट ३६. बाबांना ठेवून घेतलंय, बायपॅप सुरू केलंय. इथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी ऑक्सिजन *कमी* केला! ऑक्सिमीटर ९० दाखवतो आणि सिस्टर म्हणतात छान आहे. दादाचा जीव वरखाली होतोय, तो सारखा नॉबकडे बघतोय. मला नीट समजावता येईना. फुफ्फुसवाला, प्लीज.

फुफ्फुसवाला:
दादांना सांगा की नॉबला हात लावू नका आणि हे वाचा.

सीओपीडीत सीओटू साठवणाऱ्या रुग्णाचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं. ९० म्हणजे अगदी नेमावर. जास्त ऑक्सिजन दिल्यावर सीओटू वाढतो त्याची कारणं अशी. फुफ्फुसाचे जे कोपरे नीट हवा खात नाहीत तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसलेल्या असतात, म्हणजे रक्त चांगल्या कोपऱ्यांकडे वळतं. ऑक्सिजनचा मारा केला की त्या खुलतात आणि रक्त पुन्हा नादुरुस्त कोपऱ्यांत जाऊन सीओटू न टाकताच परततं. हे सगळ्यात मोठं कारण. दुसरं, ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन सीओटू कमी धरून ठेवतं, तो रक्तात मोकळा होतो. श्वासाची ओढ कमी होते हेही आहे, पण पूर्वी सगळं खापर त्याच्यावर फोडायचे तेवढं ते नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अ‍ॅम्ब्युलन्समध्ये याचीच परीक्षा झाली होती, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सीओपीडीचा अ‍ॅटॅक आलेल्यांपैकी काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन आणि काहींना ८८ ते ९२ वर मोजून-मापून. मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तेव्हा सिस्टरांचं 'छान आहे' हे खरंच छान आहे. याचा अर्थ ऑक्सिजन तोडा असाही कुणी घेऊ नये. ८८ च्या खालीही धोका आहेच.

आता रिपोर्ट. सीओटू ६९ असूनही पीएच फार घसरलेला नाही, म्हणजे रक्त फारसं आम्ल झालेलं नाही, कारण किडनीने बायकार्बोनेट ३६ पर्यंत वाढवून आम्ल झेललंय. नॉर्मल साधारण २२ ते २६. किडनीला हे करायला दिवस लागतात, म्हणजे हे कालपरवाचं नाही, मुरलेलं आहे, त्यावर थोडी ताजी भर पडलीय. हाच ६९ एखाद्याला तासाभरात झाला असता तर तो बेशुद्धीच्या वाटेवर असता. आम्ही म्हणूनच सीओटूपेक्षा पीएचकडे जास्त बघतो.

बोरूबहाद्दर:
मग मशीनने तो ६९ एका रात्रीत ४० वर का आणत नाहीत?

फुफ्फुसवाला:
आणता येईल, आणू नये. सीओटू झरकन उतरला तरी बायकार्बोनेट ३६ तसंच राहतं, कारण किडनी तितक्या घाईने ते सोडत नाही. रक्त एकदम अल्कली होतं. त्यातही झटके येतात, फिटसुद्धा. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, पंजे वाकडे आखडतात, ते याच बाजूचं सौम्य रूप: सीओटू प्रमाणाबाहेर उडून गेला की रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून बाबांचा आकडा हळू, त्यांच्या जुन्या सवयीच्या पातळीपर्यंतच आणतील. ४० हे त्यांचं ध्येय नाही.

पाऊलवाट:
दादाने वाचलं. नॉबपासून दूर बसलाय.

पाऊलवाट:
घरी आलो. सीओटू ५४, पीएच ७.४०. अल्प्राझोलम डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने काढलं. पेंग गेली, सकाळचं डोकं दुखणं गेलं, आणि हात धरायला लावले तर पंजे पडत नाहीत. रात्री बायपॅप लावून झोपतात, कुरकुर करत. पण अजून बोटं बारीक थरथरतात, विशेषतः नेब्युलायझर घेतल्यावर. हे परत तेच सुरू झालं का?

फुफ्फुसवाला:
नेब्युलायझरमध्ये साल्ब्युटामॉल असेल. त्याने बारीक, सलग थरथर होते, औषध उतरलं की कमी होते. पंजा पडत नाही. वारंवार घेत असतील तर पोटॅशियम एकदा बघून घ्या, ते या औषधाने घसरतं. परत पेंग किंवा पंजे पडणं दिसलं तर ते मात्र वेगळं, लगेच कळवायचं. इथे नव्हे, डॉक्टरांना.

अजून एक करा. एका कार्डावर ठळक लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा: 'सीओटू साठतो, ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के, घरी बायपॅप'. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घाईत कुणी पूर्ण नॉब उघडू नये म्हणून. कार्डावर डॉक्टरांची सही असली तर बरं. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना ऑक्सिजन अलर्ट कार्ड रीतसर देतात.

चांदणी:
आणि कार्डाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. पाकीट ऐनवेळी सापडत नाही. मास्कचं काय म्हणतायत बाबा?

पाऊलवाट:
नाकाच्या हाडावर लाल वळ उठलाय आणि पहाटे डोळ्यात हवा जाते म्हणतात. पट्टे अजून आवळू का?

चांदणी:
नको नको, उलटं होईल. जितकं आवळाल तितका वळ वाढतो आणि कड दुमडून गळती वाढते. मशीन चालू ठेवून, आडवं झाल्यावर पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत टेकवा, मग दोन्ही बाजू सारख्या ओढा. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जायला हवीत. वळावर हायड्रोकोलॉइडची पट्टी. मास्कची गादी रोज सकाळी साध्या साबणाने धुवायची, त्वचेच्या तेलाने ती घसरते. एवढं करूनही डोळ्यात हवा गेली तर साइज मोठा आहे, बदलून मागा.

बोरूबहाद्दर:
धागा वाचनखुणांत टाकला. एक शेवटचं: अशा रुग्णाला विमानाने नेता येतं का? माझ्या मामांनाही असाच त्रास आहे, ते येऊ म्हणतायत.

फुफ्फुसवाला:
विमानात हवेचा दाब साधारण ८००० फुटांवर असतो तितका खाली जाऊ शकतो. जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा ओढल्यासारखं. मामांचा एबीजी आणि ऑक्सिजनची सध्याची गरज बघून आधी ठरवायला हवं, आणि कॉन्सन्ट्रेटर-बायपॅपसाठी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी लागते. मामांचं वय, रिपोर्ट आणि औषधं लिहून वेगळा धागा काढा, तिथे येतो.